मुक्तिलढ्याची कादंबरी: झेंडा शेवटी, आधी घरातली वस्तू

गेली काही वर्षं माझ्याकडे हस्तलिखितं वाचायला येतात. बहुतेक डिचोली, सांखळी, पेडणे, फोंडा इकडची. लिहिणारे निवृत्त शिक्षक, बँकेतले लोक, दोनचार कॉलेजातली मुलं. विषय गोव्याचा मुक्तिलढा, आणि चूकही जवळपास ठरलेली. लेखक आधी घटनांची यादी करतो, ती तारखेनुसार लिहून काढतो, आणि मग कोणीतरी "जरा साहित्यिक कर रे" म्हटलं की वरून प्रतीकं पेरतो. सूर्य उगवतो, तुळस डोलते, पिंजऱ्यातला पोपट उडून जातो. भात शिजून उतरल्यावर मीठ घालावं तशातली गत.

प्रतीक, निवेदक, उपरोध, भाषेची निवड ही घटना लिहिण्याआधी ठरवायची कामं आहेत. क्रम चुकला की नंतर कितीही रंगकाम करा, उपयोग होत नाही. म्हणून खाली टप्पे दिलेत ते त्याच क्रमाने घ्या. ज्यांना लिहायचं नाही, अशी एखादी कादंबरी नीट वाचायची किंवा तिच्यावर लिहायचं आहे, त्यांनी हेच प्रश्न पुस्तकाला विचारावेत.

## तयारी: दोन रकान्यांची वही

दोनशे पानी वही घ्या आणि पानावर मधोमध रेघ मारा. डाव्या रकान्यात इतिहास लिहायचा, तारीख आणि वारासकट. उजवीकडे त्या दिवशी तुमच्या गावात, तुमच्या पात्रांच्या घरात काय चाललं असेल ते.

डावीकडे: १८ जून १९४६, मंगळवार. मडगावात राममनोहर लोहिया आणि डॉ. जुलियाव मिनेझिस यांची सभा. उजवीकडे: मिर्ग लागून दहाएक दिवस झालेत, शेतात चिखल, पुरुमेंताची, म्हणजे पावसाळ्याच्या बेगमीची सुकी मासळी आणि मिरच्या भरून झाल्यात, छपराची दोन कौलं अजून बदलायची राहिलीत.

डावीकडे: १५ ऑगस्ट १९५५, सोमवार. पत्रादेवीला आणि इतर ठिकाणी हद्द ओलांडणाऱ्या सत्याग्रहींवर गोळीबार. उजवीकडे: श्रावण, घरात मासळी बंद, ओढ्याला पाणी, शाळेत जाणारी मुलं भिजून परत आलेली.

डावीकडे: १९ डिसेंबर १९६१, पुन्हा मंगळवार. गोवा मुक्त झाला. उजवीकडे: भात कापून झालेलं, जत्रांचे दिवस, शेजारच्या ख्रिस्ती घरात नाताळ सहा दिवसांवर, नेवऱ्यांचं सारण परतून ठेवलेलं.

वार लिहायचा कंटाळा करू नका. एका हस्तलिखितात १९ डिसेंबरला सगळं गाव रविवारच्या मिसेला गेलेलं होतं. एवढ्या एका वाक्याने जाणत्या वाचकाचा विश्वास उडतो आणि मग पुढची तीनशे पानं तो चुका शोधत वाचतो.

वहीच्या शेवटच्या पानावर "तेव्हा नव्हतं" अशी यादी करा. मांडवीवर पूल नव्हता, बेतीहून पणजीला पाण्यातूनच जावं लागे. १९५८ पर्यंत व्यवहार रुपिया-टांगांत, त्यानंतर एस्कुदोत. १९५५ पासून भारताने नाकेबंदी केली, तेव्हा "बेळगावहून कांदे आले" असं सहज लिहिता येत नाही. आले असतील तर चोरवाटेने आले, आणि ते आणणारा माणूस तुमचं पात्र होऊ शकतो. त्या वर्षांत बाजारात बटाटे हॉलंडचे असत. बटाटा सोलणाऱ्या बाईला हॉलंड कुठे आहे हे ठाऊक नाही, एवढंच लिहिलं तरी नाकेबंदी पानावर येते.

तपासा: उजवा रकाना डाव्यापेक्षा रिकामा असेल तर अजून लिहायला बसू नका. गावातल्या दोन म्हाताऱ्या माणसांकडे जा. त्यांना लढ्याबद्दल विचारू नका, त्या वर्षी घरात काय शिजत होतं ते विचारा.

## टप्पा १: बघणारा कोण ते ठरवा

सत्याग्रहीला निवेदक करू नका. तो भाषणं करतो. त्याला सगळं आधीच कळलेलं असतं, त्यामुळे वाचकाने शोधायचं असं काही उरत नाही.

लढ्यापासून हातभर लांब असलेला, पण त्यात ज्याचं काहीतरी जाणार आहे असा माणूस शोधा. छापखान्यातला जुळारी, जो खिळे उलटे वाचतो. भाटकाराच्या, म्हणजे जमीनदाराच्या घरातली मोलकरीण. रेजिदोराचा, म्हणजे गावच्या सरकारी अधिकाऱ्याचा धाकटा मुलगा. तुरुंगात डबा पोचवणारी बहीण, जिला आग्वादच्या किल्ल्यातल्या तुरुंगाच्या दारापलीकडचं काहीच दिसत नाही. तिला जे दिसत नाही त्यावरच कादंबरी उभी राहते.

एकाच डोळ्याने भागत नसेल तर रवींद्रनाथांनी १९१६ मध्ये 'घरे बाइरे'त काय केलं ते बघा. स्वदेशीची चळवळ एकच, पण ती बिमला, निखिलेश आणि संदीप यांच्या तीन आत्मकथनांतून येते. ज्याला एकाने देशभक्ती म्हटलं त्यात दुसऱ्याला जुलूम दिसतो. लेखक मध्ये पडून निवाडा देत नाही. आपल्याकडचे लेखक मात्र तीन निवेदक घेतात आणि तिघांच्या तोंडी एकच मत घालतात.

वाड्याने, म्हणजे सगळ्या वस्तीने "आम्ही" म्हणून बोलावं ही तऱ्हाही चांगली, पण अख्खी कादंबरी तशी ओढू नका. ती कुठे वापरायची ते टप्पा ४ मध्ये.

तपासा: ज्या दिवशी सभा झाली त्या दिवशी तुमच्या निवेदकाला दुसरं काय काम होतं? उत्तर नसेल तर निवेदक बदला.

## टप्पा २: एक वस्तू निवडा, ती तीनदा आणा

इथे घाई होते, म्हणून इथेच जास्त वेळ घालवा.

प्रतीक म्हटलं की लोक बाजारातून आणतात: झेंडा, बेडी, पहाट. ते कोणत्याही देशाच्या कोणत्याही लढ्याला बसतं, म्हणून तुमच्या लढ्याला बसत नाही. वस्तू घरातली हवी, तिला स्वतःचं काम हवं, आणि राजवटीचा हात तिच्यापर्यंत पोचलेला हवा. या तीनही अटींत बसणारी वस्तू सापडायला मला एकदा दोन महिने लागले होते.

एक उदाहरण पूर्ण करून दाखवतो. पोर्तुगालचा हुकूमशहा सालाझार याच्या काळात गोव्यात छापलेला प्रत्येक कागद सेन्सॉरच्या नजरेखालून जाई, लग्नपत्रिकासुद्धा. आता ही वस्तू बघा. हळदकुंकू लावलेली, मंगल, घरोघर जाणारी. राजकारणाशी तिचा काही संबंध नाही, आणि तरी तिच्यावर सरकारी शिक्का. निवडीचं अर्धं काम इथेच झालं.

आता ती तीनदा आणायची, आणि दर वेळी वेगळ्या हातात.

पहिल्यांदा १९५२ साल घ्या. म्हापशाच्या बाजूचे अण्णा थोरल्या मुलीची पत्रिका मंजुरीला घेऊन पणजीला जातात. कारकून एका शब्दाभोवती निळ्या पेन्सिलीने गोल काढतो. शब्द कोणता ते तुम्ही ठरवा, पण तो अगदी निरुपद्रवी हवा. अण्णा वाद घालत नाहीत. त्यांना मुहूर्ताची घाई आहे. प्रसंगात राग कुठेही नको, फक्त होडीची वेळ चुकेल ही काळजी.

दुसऱ्यांदा १९५५. नाकेबंदीत कागद महाग. उरलेल्या पत्रिकांच्या कोऱ्या बाजूवर धाकटी पाढे लिहिते. एके रात्री त्यांतली एक कमी होते, आणि चार दिवसांनी ती कार्तेलात, म्हणजे पोलीस ठाण्यात टेबलावर पडलेली असते, पाठीवर कोणाची तरी नावं लिहिलेली. ती कोणी लिहिली हे लगेच सांगू नका.

तिसऱ्यांदा १९६२. पोर्तुगीज गेलेत. धाकटीचं लग्न ठरलंय. हा तुकडा मी कार्यशाळेत लिहून दाखवतो तो असा:

*छापखान्यातून प्रूफ आलं तसं अण्णांनी धोतर बदललं, टोपी घातली. प्रूफ घडी पडू नये म्हणून दोन पुठ्ठ्यांत धरलं आणि बेतीला येऊन होडीत बसले. कचेरीच्या दारात नवा शिपाई होता. "कितें जाय?" अण्णांनी पुठ्ठे पुढे केले. शिपायाने पत्रिका वाचली, उलटून मागची बाजू बघितली, पुन्हा वाचली. "म्हाका आपयतात?" अण्णा थोडा वेळ उभे राहिले. मग म्हणाले, "व्हय. येयात."*

इथे थांबायचं. बहुतेक हस्तलिखितांत पुढची ओळ अशी असते: "अण्णांना उमगले की गुलामी त्यांच्या हाडीमांसी भिनली होती." ती ओळ लिहिलीत की शिपाई, होडी, पुठ्ठे सगळं फुकट गेलं. वाचकाला जे कळलंय ते तुम्ही त्याला समजावून सांगू लागलात तर त्याला आपण मठ्ठ असल्यासारखं वाटतं.

मोठ्या लेखकांनाही हा मोह सुटलेला नाही. डिकन्सच्या 'अ टेल ऑफ टू सिटीज'मध्ये (१८५९) पॅरिसच्या गरीब वस्तीत दारूचं पिंप फुटतं, लोक गुडघ्यांवर बसून रस्त्यावरची दारू पितात, आणि एकजण त्याच गाळात बोट बुडवून भिंतीवर "रक्त" असा शब्द लिहितो. पुढे येणाऱ्या क्रांतीची सूचना म्हणून प्रसंग जबरदस्त आहे. पण तो शब्द भिंतीवर नसता तरी चाललं असतं, असं मला दर वाचनात वाटतं. ओठांना लागलेला लाल डाग पुरेसा होता.

दुसऱ्या वस्तू? रेडिओ चांगला आहे. २५ नोव्हेंबर १९५५ पासून मुक्तीपर्यंत वामन सरदेसाई आणि लिबिया लोबो यांनी हद्दीपलीकडच्या जंगलातून गुप्त केंद्र चालवलं. तो आवाज ऐकायचा म्हणजे खिडक्या लावायच्या, आवाज बारीक करायचा. खिडकी लावणं ही कृती मग आपोआप अर्थ गोळा करू लागते. खाजनातला, म्हणजे खाडीकाठच्या बांधलेल्या शेतातला मानसही आहे, पाणी आतबाहेर करणारी झडप. ओहोटीला आतल्या पाण्याच्या दाबाने त्याची दारं उघडतात, भरतीला बंद होतात. रूपक म्हणून फारच सोयीचं, आणि म्हणूनच धोक्याचं. तुमच्या कादंबरीत मानस राखणारा माणूस असेल, त्याचे हात चिखलात असतील, तरच घ्या. नुसतं "जनतेच्या मनाचा मानस उघडला" असं लिहायला घेणार असाल तर खाजनात पाय ठेवू नका.

सावध: वस्तू चौथ्यांदा येऊ लागली की ती जाहिरात होते.

## टप्पा ३: भाषा कोणाच्या तोंडी कोणती

बाहेरच्या मराठी लेखकांना न पडणारा हा प्रश्न आपल्याला पडतो, आणि आपण तो टाळतो. निवेदन मराठी. पण डिचोलीची आजी चुलीपाशी सदाशिव पेठेतल्यासारखं बोलायला लागली की तिथेच पुस्तक मिटावंसं वाटतं.

त्या काळच्या हिंदू घरात पोथी, कीर्तन, पत्र, मुळाक्षरं मराठीत. चुलीपाशी आणि शेतात कोंकणी. कचेरीत पोर्तुगीज. एका माणसाच्या एका दिवसात तीन भाषा. याला अडचण समजू नका, हेच तुमच्या हातातलं सगळ्यांत धारदार हत्यार आहे. कोण कोणत्या क्षणी भाषा बदलतो, यातून सत्ता दिसते.

लष्करी न्यायालयाचा प्रसंग घ्या. न्यायाधीश पोर्तुगीजमध्ये विचारतो. दुभाषी ते कोंकणीत सांगतो, थोडं मऊ करून, कारण त्याला संध्याकाळी याच गावात घरी जायचं आहे. आरोपी उत्तर देतो ते मराठीत, पोथी वाचावी तसं ठासून. दुभाष्याला आता ते पोर्तुगीजमध्ये न्यायचं आहे. तो काय गाळतो? वाचकाला मूळ उत्तर माहीत आहे, न्यायाधीशाला नाही. उपरोध निर्माण करायला यापेक्षा जास्त काही लागत नाही. आणि कादंबरी दुभाष्याची करावी का, हा विचारही इथे तुमच्या मनात यायला हरकत नाही.

काही नियम मी स्वतःपुरते पाळतो. संवाद कोंकणी वळणाचे, पण घाटावरच्या वाचकाला अंदाजाने कळतील एवढेच. "पाखले आयले!" हे कोणालाही कळतं, कारण पुढच्याच वाक्यात दारं लागतात. कंसात अर्थ द्यायचा नाही, तळटीप नाही, शेवटी शब्दकोश तर नाहीच. उत्तर गोव्यातल्या पेडण्याचं पात्र आणि दक्षिणेतल्या सासष्टीचं पात्र सारखं बोलू द्यायचं नाही. पोर्तुगीज शब्द कचेरी, पोलीस, शाळा यांच्या उंबऱ्यावर येऊ द्या. जेवणाच्या टेबलावर उगाच "ओब्रिगादो" शिंपडलंत तर पान पर्यटकांच्या हॉटेलातल्या मेनूकार्डासारखं दिसतं.

अजून एक, आणि हे मला सगळ्यांत मोलाचं वाटतं. सर्वनामांवर लक्ष ठेवा. मुंडकार, म्हणजे भाटकाराच्या जमिनीवर घर करून राहणारा माणूस, भाटकाराला "बाब" म्हणतो, "तुमी" म्हणतो, उभा राहून बोलतो. भाटकार त्याला "अरे" करतो. १९६१ नंतर हे एका रात्रीत बदललं नाही. १९६४ मध्ये कूळ कायदा आला, मुंडकारांना संरक्षण देणारा कायदा १९७५ मध्ये. तुमच्या कादंबरीत मुंडकार कोणत्या पानावर पहिल्यांदा खुर्चीवर बसून बोलतो? भाटकार कोणत्या पानावर पहिल्यांदा "तुमी" म्हणतो, आणि ते म्हणताना त्याला किती वेळ लागतो? लढाई जिंकल्याची पंधरा पानं लिहिण्यापेक्षा ती एक ओळ जपून ठेवा. राजकीय क्रांती घरात केव्हा पोचली ते तिथे कळतं.

तपासा: कोणताही संवाद नाव झाकून वाचा. बोलणारा कोण ते कळलं नाही तर तो संवाद पात्राचा नाही, तुमचा आहे.

## टप्पा ४: गर्दी लिहिणं

१८ जूनचा प्रसंग प्रत्येक हस्तलिखितात असतो आणि प्रत्येकात लोहिया दीड पान भाषण करतात. प्रत्यक्षात सभा नीट सुरू होण्याआधीच दोघांना पकडलं गेलं. म्हणजे भाषण इतिहासाच्या दृष्टीने चूक, आणि कादंबरीच्या दृष्टीने कंटाळवाणं. खऱ्या माणसांच्या तोंडी मनची वाक्यं घालू नका. त्यांना लांबून जाऊ द्या.

मैदानाच्या मागच्या बाजूला उभ्या असलेल्या माणसाला काय दिसलं असेल? छत्र्या. पाऊस होता. पुढे काहीतरी झालं हे त्याला छत्र्यांच्या हलण्यावरून कळतं. प्रशासक मिरांडाने पिस्तूल काढलं आणि लोहियांनी त्याचा हात बाजूला केला, ही गोष्ट त्याच्यापर्यंत येते ती तिसऱ्याच्या तोंडून, आणि येईपर्यंत वाढलेली. अफवा कशी वाढते ते तीन ओळींत दाखवा. घटना एका जागी घडते आणि बाकी सगळीकडे ती ऐकली जाते, हा क्रांतीचा खरा स्वभाव त्यातून येतो.

"आम्ही" हा निवेदक इथे आणा, फक्त या प्रसंगापुरता. आतापर्यंत "मी" म्हणणारा जुळारी एका परिच्छेदात नकळत "आम्ही" म्हणू लागतो, आणि घरी परतताना पुन्हा "मी" होतो. याबद्दल एक अक्षरही बोलू नका.

दोन पानांच्या वर जाऊ नका.

## टप्पा ५: ज्याचा शेवट सगळ्यांना ठाऊक आहे

१९ डिसेंबर वाचकाला माहीत आहे, पात्रांना नाही. या फटीचा उपयोग करा. १९६१ च्या पावसाळ्यात एक मुलगा लिसेवच्या, म्हणजे पोर्तुगीज हायस्कुलाच्या परीक्षेसाठी पोर्तुगीज क्रियापदं पाठ करतोय, कारण पास झाला तर कचेरीत नोकरी नक्की. आई देवाला नारळ बोलते. तुम्ही फक्त क्रियापदं लिहा, भविष्यकाळातली.

नाकेबंदीच्या वर्षांतला उपरोधही असाच. एकीकडे हद्द बंद, दुसरीकडे लोहखनिज बोटी भरभरून जपान आणि जर्मनीला जातंय, आणि ज्या घरातला थोरला तुरुंगात आहे त्याच घरातला धाकटा खाणीवर ट्रक चालवून पैसे कमावतोय. दोघांच्या मिळकतीवर एकच चूल. इथे कोणाची बाजू घ्यायची गरज नाही.

सावध: "त्याला काय ठाऊक होतं की लवकरच..." हे वाक्य दिसलं की खोडा. ती पूर्वसूचना नव्हे, पडद्याआडून डोकावणं आहे.

## टप्पा ६: खबऱ्या आणि पाखलो

मराठी हस्तलिखितांतला एक रोग स्पष्टच सांगतो. ख्रिस्ती पात्र आलं की ते खबऱ्या तरी असतं नाहीतर दारूडं. जुलियाव मिनेझिस, पोर्तुगालमधल्या पेनिशच्या किल्ल्यात कैद भोगलेले त्रिस्तांव ब्रागांझा कुन्हा, लिबिया लोबो, १५ ऑगस्ट १९५४ ला तेरेखोलच्या किल्ल्यात शिरलेले आल्फ्रेद आफोंसो, हे सगळे कोण होते? आणि सरकारी मेहेरबानीवर जमिनी राखणारे हिंदू भाटकार तुमच्या कादंबरीत का दिसत नाहीत? हा सभ्यतेचा मुद्दा आहेच, पण रचनेचाही आहे. धर्म कळला की बाजू कळते, अशी कादंबरी दहाव्या पानावर संपलेली असते.

खबऱ्याला कारण द्या. बहिणीचं औषध, खाणीचा परवाना, जुनं भावबंदकीचं भांडण. भावबंदकी सगळ्यांत चांगली, कारण त्यात राजकारण नसतंच.

पाखल्यांत, म्हणजे गोऱ्या पोर्तुगिजांतही माणसं होती. वासालो इ सिल्वा या शेवटच्या गव्हर्नर जनरलला लिस्बनहून अखेरपर्यंत लढण्याचा हुकूम होता. त्याने शरणागती पत्करली. पुढे पोर्तुगीज सैनिक काही महिने युद्धकैदी म्हणून राहिले आणि १९६२ च्या मे मध्ये मायदेशी गेले. त्या छावणीत पाव पुरवणारा पोदेर हे पात्र मी अजून कोणाच्याच लिखाणात वाचलेलं नाही. ज्याला हवं त्याने घ्यावं.

## टप्पा ७: १९ डिसेंबर, आणि त्यानंतरचं

"पूर्वेला स्वातंत्र्याचा सूर्य उगवला" हे वाक्य नुसतं घासलेलं नाही, वेळेच्या हिशेबानेही अडचणीचं आहे. शरणागतीवर सही झाली ती रात्री साडेआठच्या सुमारास, आणि पणजीत नव्हे, वास्कोकडे. गावोगाव १८ आणि १९ या दोन दिवसांचा अनुभव वेगळा होता. कुठे बाणस्तारीचा पूल उडाल्यामुळे बाजार अडला, कुठे दाबोळीच्या धावपट्टीवरचे बॉम्ब ऐकून गुरं बुजली, कुठे दुपारपर्यंत कोणाला काही कळलंच नाही. तुमच्या निवेदकाच्या गावात ते केव्हा कळलं? तोच तुमचा क्षण.

आणि कादंबरी तिथे संपवू नका. निदान संपवण्याआधी विचार करा. १६ जानेवारी १९६७ ला जनमत कौल झाला. महाराष्ट्रात विलीनीकरणासाठी फूल, संघप्रदेश राहण्यासाठी दोन पानं. दोन पानांना १,७२,१९१ आणि फुलाला १,३८,१७० मतं पडली, फरक ३४,०२१ चा. एकाच कोठडीत झोपलेले दोन सत्याग्रही या दिवशी समोरासमोर उभे राहिले, आणि काही घरांत तर एकाच पंगतीत. मराठी घरात वाढलेल्या लेखकाला हे लिहिणं जड जातं, मला माहीत आहे. म्हणूनच बहुतेक कादंबऱ्या १९ डिसेंबरला झेंडा फडकावून निसटतात. तुम्ही कौलापर्यंत जाणार असाल तर एकच अट: हरलेला डाव कादंबरीत जिंकायला जाऊ नका. दोन्ही मित्रांना त्यांची सगळ्यांत चांगली वाक्यं द्या.

टप्पा २ मधली वस्तू तिसऱ्यांदा आणायला ही जागा योग्य. लग्नपत्रिका असेल तर १९६७ मध्ये त्या दोघांतल्या एकाच्या मुलाचं लग्न ठरू द्या, आणि दुसऱ्याला पत्रिका द्यायला कोण जातं ते बघा. मग वरचा कचेरीतला प्रसंग सोडावा लागेल. दोन्ही ठेवायचा मोह होईल.

## टप्पा ८: लाल पेन्सिल

पहिला खर्डा झाला की महिनाभर कपाटात ठेवा. मग बाहेर काढून पुढचे शब्द मोजा: स्वातंत्र्य, गुलामी, बेड्या, रक्त, पहाट, धगधगता. माझ्या हिशेबाने तीनशे पानांत हे सगळे मिळून दहा वेळा आले तर पुष्कळ. बाकीचे खोडा आणि त्या जागी उजव्या रकान्यातलं काहीतरी घाला.

त्यानंतर एखाद्या जुन्या माणसाला मोठ्याने वाचून दाखवा. ऐकताना ते जिथे "नाही रे, तसं नव्हतं" म्हणतील तिथे खूण करा. जिथे ते गप्प होतील तिथेही करा, आणि त्या जागेला हात लावू नका.

माझ्या स्वतःच्या पहिल्या हस्तलिखितात तुळशीवृंदावन चौदा वेळा होतं. मला पत्ताच नव्हता, एका मित्राने मोजून समासात आकडे घातले. आता दोनच उरलीत, आणि त्यांतल्या एकावर कोणीतरी ओला टॉवेल वाळत टाकलाय.